हाताची घडी

२३ जून, सोमवार

शाळा उघडली. माझं हे एकोणतिसावं वर्ष आणि, देवाशपथ, शेवटचं. सकाळीच सीमाला सांगून टाकलं. ती पोळ्या लाटत होती. "मागल्या वर्षी बी हेच म्हटलं होतं तुमी," एवढंच म्हणाली आणि डबा भरून हातात दिला. बायकोला नवऱ्याची प्रतिज्ञा म्हणजे हवामानाचा अंदाज. पण या खेपेला मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून ठेवला आहे. तारीख तेवढी कोरी. तीन महिन्यांची नोटीस, की मी मोकळा. पुण्याहून प्राजक्ता दोन वर्षांपासून म्हणते आहे, बाबा, या इकडे. जावई भला माणूस आहे, लेकीचं घर मोठं आहे. इथं अकोल्यात मी कशासाठी राहायचं, याचं उत्तर मला सुट्टीभर सापडलं नाही.

पूर्वी ते शोधावंच लागत नसे. मी लागलो तेव्हा आमच्या कर्णबधिर शाळेत ऐंशी मुलं होती, आता एकतीस. शहरातल्या मुलांच्या कानात लहानपणीच यंत्र बसतं आणि ती साध्या शाळेत जातात. आमच्याकडे उरतात ती खेड्यातली, उशिरा आलेली. आज तशीच एक आली. खुशी, सात वर्षांची, बाळापूर तालुक्यातली. बाप हात जोडून उभा होता.

"सर, पोरगी हुशार हाये जी. फकत बोलत नाई. तुमी तिले बोलती करा."

मी नेहमीसारखं "करू" म्हणालो. तिला शब्द म्हणून एक येत नाही. आपल्याला एक नाव आहे, हेही तिला माहीत नाही. बाप निघाला तशी ती फाटकाला चिकटली. शेवटी गोदाबाईनं तिला कडेवर घेऊन आत नेलं. गोदाबाई आमच्या वसतिगृहाची आया, माझ्याही आधीपासून इथं आहे.

२८ जून, शनिवार

आज डोकं तापलं. मुख्याध्यापिका ललिता मॅडमनी सगळ्यांना बसवून आदेश वाचून दाखवला. यापुढे शिक्षकांनी सांकेतिक भाषा, म्हणजे हातांची भाषा, शिकायची. दर शनिवारी वर्ग. आणि मुलांना त्याच भाषेत शिकवायचं.

मी उठलो. म्हणालो, मॅडम, अमरावतीला आमच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की मुलाचे हात सुटले की जीभ बसली. म्हणून वर्गात पाऊल टाकलं की मी आधी दोन्ही हात छातीवर बांधून दाखवतो. हाताची घडी! इतर शाळांत ती गप्प बसण्यासाठी असते. माझ्या वर्गात ती बोलण्यासाठी आहे. हात बंद, आता तोंड उघडा. त्या जोरावर मी मुलं बोलती केली.

मॅडम माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहेत. शांतपणे म्हणाल्या, "सर, काळ बदलला."

"काळ बदलला म्हणून आता पंचावन्नाव्या वर्षी मी बोटं नाचवू?"

मी अर्ज आजच देणार होतो. पण मग त्यांनी शिकवायला कोण येणार ते सांगितलं. अमरावतीची एक कर्णबधिर शिक्षिका, आपल्याच शाळेची माजी विद्यार्थिनी, चारुता. माझा राग कुठल्या कुठे पळाला. चारुता! माझी चारुता शिकवायला येणार. गुरूची विद्या गुरूला म्हणतात ती अशी.

२९ जून, रविवार

दिवसभर जुनंच आठवत बसलो.

चारुता चांदूर रेल्वेची. तिचे आजोबा तिला पॅसेंजरनं आणून सोडत, डोक्याला मोठा गुलाबी फेटा, हातात तिच्या कपड्यांची पिशवी. गाडीच्या वेळेआधी तासभर नात मांडीवर घेऊन आमच्या व्हरांड्यात बसत. पोरगी कमालीची चुणचुणीत. मी तिला आरशाच्या खोलीत घेऊन बसायचो. एका आरशात दोघांची तोंडं. 'प' म्हटलं की समोर धरलेली कागदाची पट्टी हलली पाहिजे, 'फ'ला मेणबत्तीची ज्योत वाकली पाहिजे. 'ग'साठी तिचा एक हात माझ्या गळ्यावर, एक तिच्या. पट्टी हलली की दोघंही हसायचो. त्या खोलीला मेणाचा आणि खडूचा वास असायचा. तो वास आठवला की आजही मला तिशीत गेल्यासारखं वाटतं.

आणि मग दोन हजार चारचं स्नेहसंमेलन. नऊ वर्षांची चारुता माईकसमोर उभी राहिली आणि तिनं पाहुण्यांच्या स्वागताची अकरा वाक्यं बोलून दाखवली. जूनपासून जानेवारीपर्यंत ती अकरा वाक्यं घोटली होती. पाहुण्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. पेपरात फोटो आला. ते कात्रण चौकटीत घालून शिक्षकांच्या खोलीत लावलं आहे, अजून आहे. नंतर ती अमरावतीला पुढच्या शाळेत गेली. पगार, बढती, यातलं काही मला कधी पुरलं नाही, पण कंटाळा आला की मी त्या चौकटीकडे पाहायचो आणि परत वर्गात जायचो. माणसाला एवढं पुरतं.

५ जुलै, शनिवार

चारुता आली. एकतीस वर्षांची झाली आहे, चष्मा लागला आहे. माझ्या पाया पडली. मी म्हणालो, "म्हण बेटा, नमस्कार सर." ओठ ठळक हलवून म्हणालो, जुन्या सवयीनं.

तिनं हसून फळ्यावर लिहिलं, 'नमस्कार सर.'

दोन तास ती शिकवत होती, हातांनी आणि खडूनं. तोंडातून एक अक्षर काढलं नाही. ललिता मॅडम, बाकीचे शिक्षक भराभर शिकत होते. माझी बोटं लाकडाची झाली आहेत. मधल्या सुट्टीत मी तिला चौकटीतलं कात्रण दाखवायला नेलं. तिनं पाहिलं, मान हलवली आणि चहा प्यायला गेली.

घरी आल्यावर सीमा म्हणाली, "तोंड काहून उतरलं?" मी रिकामा डबा तिच्या हातात दिला.

१९ जुलै, शनिवार

आज मजा झाली. या भाषेत प्रत्येक माणसाला एक नाव असतं, हातानं करायचं. रूपावरून किंवा सवयीवरून पडतं. चारुतानं सगळ्यांना नावं दिली. ललिता मॅडमचं कपाळावरच्या तिळावरून, गोदाबाईचं कमरेच्या किल्ल्यांवरून. मी म्हणालो, माझंही ठेव. मग तिनं फळ्यावर लिहिलं, 'सरांचं नाव आहे. जुनं. सगळ्या मुलांना माहीत आहे.'

आणि तिनं दोन्ही हात छातीवर बांधले.

दारातून मुलं डोकावत होती, ती खुदकन हसली. मलाही बरं वाटलं. म्हणजे एकोणतीस वर्षं वसतिगृहात पोरं माझ्याबद्दल बोलत होती, आणि माझा रुबाब त्यांनी बरोबर टिपला होता. गोदाबाई मात्र मान खाली घालून किल्ल्या चाळवत होती. तिला विचारलं, तुला हे ठाऊक होतं? तर म्हणाली, "मले समदं ठाऊक असते सर. मी तं पोराईसंग हातानंच बोलतो पयल्यापासून. तुमी वर्गात शिकवा, आमी सैपाकघरात बोलत जाओ."

बघा म्हणजे! एवढी वर्षं ही बाई माझ्या शिकवण्यावर पाणी ओतत होती.

२६ जुलै, शनिवार

माझ्या हाताचा 'आई' आणि 'पाणी' यांत गोंधळ होतो. खुशीला दोन्ही नीट येतात. मला चुकताना पाहिलं की ती माझं बोट धरून जागेवर नेऊन ठेवते आणि कपाळाला हात लावते. ही कपाळाला हात लावायची खूण तिला कुणी शिकवली? गोदाबाईच असणार.

१० ऑगस्ट, रविवार

राखीला ताईकडे अमरावतीला आलो होतो. आज दुपारी साईनगरमध्ये चारुताचं घर शोधत गेलो. खरं कारण लिहितो. मला तिच्या तोंडून एकदा 'सर' ऐकायचं होतं. मग अर्जावर तारीख घालून मोकळा होणार होतो.

बेल दाबली तर आत आवाजाऐवजी दिवा लागला. नवऱ्यानं, पुष्करनं, दार उघडलं. तोही ऐकू न येणारा, छापखान्यात कामाला आहे. त्यांच्याकडे दोन मित्रजोडपी आली होती, तीही तशीच. मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि त्यांच्या गप्पा परत सुरू झाल्या. सहा माणसांचे हात चालले होते. मध्येच सगळे एकदम हसत. कुणाची तरी नक्कल चालली होती, कुणाची ते मला कळेना. मी पण हसलो. मान हलवली. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की हे हसू मी ओळखतो. माझ्या वर्गात पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत मुलं माझ्याकडे पाहून असंच हसतात, अशीच मान हलवतात.

पाहुणे गेल्यावर वही पुढ्यात घेतली. मी लिहिलं, 'तू बोलत का नाहीस? किती छान बोलायचीस.'

तिनं लिहिलं, 'बाहेर माझा आवाज ऐकून लोक वळून बघतात. घरी पुष्करला ऐकू येत नाही. मग कुणासाठी बोलू?'

मी लिहिलं, 'स्नेहसंमेलनात बोललीस, तेव्हा लोक रडले होते.'

तिनं वही जवळ ओढली. मग लिहिलं, 'सर, मी काय बोलले ते तेव्हा मला माहीत नव्हतं. तोंड कसं करायचं ते फक्त पाठ होतं. अर्थ सातवीत कळला. पाहुणे का रडतात म्हणून मी घाबरले होते. गोदाबाईंना विचारलं.'

तिनंच पुढे लिहिलं. 'त्या संमेलनाच्या आधी आजोबा वारले. दिवाळीला घरी गेले तर त्यांची खाट नव्हती. मला कुणी सांगितलं नाही. घरच्यांना कसं सांगायचं ते येत नव्हतं. शाळेत आल्यावर तुम्हाला विचारत होते. रोज.'

मी लिहिलं, 'मला? कसं?'

तिनं पेन ठेवलं. उजवा हात डोक्याभोवती फिरवला, एकदा, दोनदा, फेटा बांधतात तसा. मग दोन्ही तळवे वर करून माझ्याकडे पाहिलं. कुठे?

मला आठवत नाही, असं मी लिहिलं. तिनं मान हलवली आणि चहाचे कप उचलले. निघताना परत पाया पडली.

११ ऑगस्ट, सोमवार

रजा टाकली. माळ्यावरच्या ट्रंकेतून दोन हजार तीनची वही काढली. माझंच अक्षर. खाली उतरवून ठेवतो, म्हणजे पुन्हा 'आठवत नाही' म्हणायची सोय राहणार नाही.

'१२ नोव्हेंबर. सुट्टीनंतरचा पहिला दिवस. चारुताचा स अजून शिट्टीसारखा.

१४ नोव्हेंबर. चारुता डोक्याभोवती हात फिरवून माकडचाळे करते. वर्ग हसतो. हाताची घडी घालायला लावली.

१७ नोव्हेंबर. पुन्हा तेच चाळे. दोन तास हाताची घडी. हट्टी मुलगी आहे.

२४ नोव्हेंबर. चाळे बंद. स साफ आला. आजचा दिवस सोन्याचा.'

आजचा दिवस सोन्याचा, असं मी लिहिलं आहे. शाई निळी आहे, खाली दोन रेघा मारल्या आहेत.

आणि माझं नाव. तो रुबाब नव्हता.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आज सीमाला सगळं सांगितलं, वही वाचून दाखवली. म्हणालो, अर्ज पाच सप्टेंबरला देतो. शिक्षकदिनी. माझ्यासारख्यानं त्याच दिवशी जावं हे बरं. आधी मला वाटत होतं आपली कदर नाही म्हणून जावं. आता वाटतं, आपण या मुलांसमोर उभं राहायच्या लायकीचे नाही.

सीमानं गवारीच्या शेंगा बाजूला ठेवल्या. "म्हंजे इतके दिवस कळत नव्हतं तं शिकवत राहिले, अन आता कळलं तं पळून चालले?"

"पळून नाही. लाज वाटते."

"लाज वाटते तं वाटू द्या. लाज घेऊन बी बसाले जमते मानसाले. त्या पोरीनं तुमाले घरात घेतलं, चा पाजला, पाया पडली. तिले तुमाले हाकलाचं असतं तं हाकललं असतं."

मी म्हणालो, तुला यातलं काय कळतं. ती म्हणाली, "मले नाई कळत. तुमाले तरी कुठं कळत होतं?"

या बाईशी तीस वर्षं संसार केला, पण वादात एकदाही जिंकलो नाही. तरी अर्ज देणार म्हणजे देणार.

२३ ऑगस्ट, शनिवार

काल पोळा झाला. आजच्या वर्गात चारुतानं 'काल काय केलं' ते सांगायला लावलं. मी बैल, झूल, पुरणपोळी असं काहीबाही हातानं जुळवलं. ती मुलांना जसं शाबास म्हणते तसंच मला म्हणाली. मला भरून आलं, काय करू. वर्ग संपल्यावर मी तिला वहीत लिहून दिलं, 'मला माफ कर.' तिनं वाचलं. खाली लिहिलं, 'राग होता. मोठी झाले तेव्हा खूप होता. आता तुम्ही सराव करा, बोटं सरळ ठेवा.'

मी पुन्हा अर्जातल्या कोऱ्या तारखेकडे पाहून ती जागा कोरीच ठेवली. अजून तेरा दिवस आहेत.

गोदाबाईला विचारलं, तेव्हा चारुताला आजोबांचं कुणी सांगितलं? म्हणाली, "म्याच सांगतलं, सर. चुलीपाशी. लई रडली लेकरू." मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "तुमी कधी सैपाकघराकडं आलेच नाई न जी."

२ सप्टेंबर, मंगळवार

महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं. प्राजक्ताचा फोन होता. खोली रंगवून घेतली म्हणे, माझ्या पुस्तकांसाठी कपाट केलं. जीव लावणारी मुलगी आहे. सीमा फोनवर हो हो म्हणत होती आणि माझ्याकडे पाहत होती.

सोमवारपासून सागर शाळेत नाही. खुशीच्याच बाकावर बसतो. ताप आला म्हणून बाप येऊन तेल्हाऱ्याला घेऊन गेला.

४ सप्टेंबर, गुरुवार

आज जे घडलं ते नीट लिहून ठेवतो.

सीमानं महालक्ष्म्यांपुढे टांगलेल्या फुलोऱ्यातल्या करंज्या डब्यात घालून दिल्या होत्या, वर्गात वाटायला. वर्गाच्या खिडकीत डबा ठेवला. मधल्या सुट्टीनंतर उघडला तर तीन कमी. मी वर्गावरून नजर फिरवली. खुशीच्या हनुवटीला खोबरं लागलं होतं, साखर कोपरापर्यंत होती.

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. बोटं सरळ ठेवून हातानं विचारलं, करंज्या कुणी खाल्ल्या?

ती माझ्याकडे पाहत होती. डोळे मोठे केले, आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं सागरच्या नावाची खूण केली. सागर.

मला वाटलं, मी चुकीचं वाचलं. परत विचारलं. परत तेच, जरा जोरात. सागर.

मी म्हणालो, हातानंच म्हणालो, सागर घरी आहे. ताप.

ती विचारात पडली. वर छताकडे पाहिलं. मग तिचे दोन्ही हात चालू झाले. आला. खाल्ल्या. गेला. मला अजून पटलेलं दिसेना, तेव्हा तिनं एक खूण वर घातली. पळत.

मी तिथंच फरशीवर बसलो आणि हसायला लागलो. मला हसू आवरेना, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मुलं घाबरून जवळ आली. जूनमध्ये या मुलीला स्वतःचं नाव ठाऊक नव्हतं. आज ती, जो इथं नाही त्याच्याबद्दल, जे घडलंच नाही ते, मला पटवून देत होती. माझ्या वर्गात एकोणतीस वर्षांत मुलांनी 'हा आंबा आहे', 'मी पाणी पितो' असं शेकडो वेळा म्हटलं असेल. खोटं कुणी एकदाही बोललं नाही. खोटं बोलायला समोरच्याला आपलं म्हणणं कळतं असा भरवसा लागतो. तो माझ्यावर आजवर कुणी टाकला नव्हता.

खुशीनं माझा चेहरा पाहिला. काय समजली कोण जाणे. स्कर्टच्या खिशातून अर्धी करंजी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. मी ती खाल्ली. म्हणजे आता मीही त्यात आलो.

घरी येऊन सीमाला सांगितलं, तेल्हाऱ्याहून तापात बसनं येऊन सागर तीन करंज्या खाऊन पळून गेला. ती पदर तोंडाला लावून हसली. मग जरा वेळानं तिनं हळूच विचारलं, "उद्या शिक्षकदिन. अर्ज द्याचा ना?"

मी म्हणालो, प्राजक्ताला कळव, कपाट राहू दे, दिवाळीला येऊ तेव्हा पाहू. सोमवारी सागर परत येतो आहे. त्याच्या तोंडावर ही पोरगी काय सांगते, ते मला पाहायचं आहे.